बस म्हणायचं नाही

"तुम्ही रिकामेच आहात ना? मग या आत," असं म्हणून परीक्षकबाईंनी आमच्या ह्यांनाच रिंगणात बोलावलं.

कुत्र्यांच्या आज्ञापालनाची परीक्षा होती. शेवटच्या फेरीत कुत्र्यांनी ओळीत पोट टेकून पडून राहायचं, मालकांनी समोरच्या दोरीपाशी जाऊन उभं राहायचं, आणि मधून एक माणूस त्यांचं लक्ष उडवत फिरणार. छत्री उघडणार, थाळी आपटणार, नाकासमोरून खाऊ नेणार. हे काम करणारा माणूस ऐनवेळी आलाच नव्हता. घरचं माणूस चालतं का, असं मी विचारलं. परीक्षकबाई म्हणाल्या, चालतं, पण तुमच्याच कुत्र्याला जड जाईल. नको असेल तर आत्ताच सांगा. आता चारचौघांत नको कसं म्हणायचं? असू दे म्हटलं.

हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत माझा जन्म गेला. 'हलू नका' हे मी जितक्यांदा म्हटलं, तितक्यांदा देवाचं नावही घेतलं नसेल. भलेभले पैलवान माझ्यापुढे निमूट पडून राहत. आणि घरचा कुत्रा, हा ठोंब्या, मात्र दोनदा नापास. पहिल्यांदा गवत ओलं होतं, लाडोबाला पोट गार झालेलं खपलं नाही. मग मी अंगणात रोज पाणी मारून त्याला त्यावर झोपवलं. निवृत्त झाल्यावर माणसं असं करतात, असं शेजारीण म्हणाली म्हणे. दुसऱ्यांदा तो छान पडून होता, तर दोरीपलीकडे कुणीतरी बायकोला म्हणालं, "अगं, इथे बस." ठोंब्या टुणकन उठून बसला.

चूक माझीच, आज्ञेला तोच शब्द शिकवला. आमच्या घरात तर त्या शब्दाला तोटाच नाही. मी वाढायला लागले की हे 'बस, बस' करतात, आणि टेबलाखाली तो बिचारा दोनदा बसतो.

आता नापास झालो तर पुन्हा यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मला ते प्रमाणपत्र हवं होतं, खोटं कशाला बोलू? भिंतीवर लावण्याजोगं मला आजवर काही मिळालेलं नाही.

हे रिंगणात उतरले ते नवरदेवाच्या थाटात. छत्री उघडली. ओळीतला एक झिपऱ्या उठून पळाला. थाळी आपटली. ठोंब्याचे कान हलले, पोट नाही. मग मदतनीस मुलगी डबा घेऊन आली आणि नेमकी ठोंब्याच्या पुढ्यात उभी राहून ह्यांच्या थाळीत बिस्किटं वाढायला लागली.

 लग्न झाल्यापासून ह्यांच्या ताटात दुसरा चमचा पडायच्या आत 'बस' आलेलं आहे. ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मिटलं. ती पोर बापडी नको म्हणायची वाट बघत ओततच राहिली. थाळी भरली, ढीग झाला, बिस्किटं ह्यांच्या बुटांवर पडली, एक तर ठोंब्याच्या पंजापाशी. ह्यांचे गाल फुगलेले, कान लाल. डबा रिकामा झाला तेव्हा कुठे ती थांबली. लोक हसत होते आणि मला मेलीला रडू येत होतं. या माणसानं माझ्यासाठी एवढा वेळ तोंड बंद ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ते ओझं सांभाळत हे ठोंब्याच्या नाकासमोरून गेले. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिला. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. रोज ज्याला आपल्या ताटातलं भरवायचं, तो ओळख दाखवीना, हे त्यांना लागलंच.

वेळ संपली. मी ठोंब्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"झालं. उत्तीर्ण," परीक्षकबाई म्हणाल्या.

आता हा माझ्या अंगावर झेपावणार म्हणून मी पाय रोवले आणि त्याला मोकळं केलं, "जा."

तो गेला. सरळ ह्यांच्याकडे. थाळी उडाली, बिस्किटांचा सडा पडला, ह्यांचा चष्मा कुठल्या कुठे गेला. हे ओल्या गवतात फतकल मारून तोंड चाटून घेत होते आणि म्हणत होते, "ओळखतोस की रे मला."

परीक्षकबाईंनी प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं. दुसऱ्या हातात रिकामा पट्टा होता. मी ते दोन्ही एका काखेत मारलं आणि वाकून गवतात ह्यांचा चष्मा शोधायला लागले.