सावडीत मोजलेली पोरं

उंबरमाळची शाळा बंद करण्याच्या आदेशात एक वाक्य होतं. ‘सदर वस्तीवरील विद्यार्थी पूर्वीपासूनच खोरीपाडा येथील शाळेत बसत असल्याने त्यांची गैरसोय होणार नाही.’ ते वाक्य मला अजून पाठ आहे. निवृत्तीनंतर शहरातल्या इंदिरानगरच्या घरात पुस्तक उघडून बसलो की दोन पानांनंतर तेच डोळ्यांपुढे येतं आणि मग पुस्तकातलं काही कळेनासं होतं. इतक्या वर्षांनी राग धरून काय मिळणार, असं बायको म्हणते. तिचं बरोबर असेल. मला बहुतेक गोष्टींची खात्री नसते. पण ते वाक्य खोटं होतं, याची आहे.

उंबरमाळ हा पेठकडच्या डोंगरातला पाडा. तिथल्या एका खोलीच्या शाळेत मी एकटा मास्तर होतो. खिंडीच्या पलीकडे खोरीपाडा. तिथं डांबरी रस्ता, ग्रामपंचायत, मोठी शाळा. मध्ये एक वहाळ. उन्हाळ्यात तो बकरी पाय न भिजवता ओलांडते, आणि श्रावणात त्यातून म्हैस वाहून जाते.

दोन्ही गावांची भाताची आवणी सावडीनं चालायची. म्हणजे मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आधी उंबरमाळची माणसं खोरीपाड्याच्या खाचरांत रोप लावायला जाणार, मग खोरीपाड्याची माणसं येऊन तेवढंच काम फेडून जाणार. आया चिखलात उतरल्या की पोरं मोकळी सुटायची, वहाळाकडे जायची. त्यावर उंबरमाळच्या म्हाताऱ्या भागीबाईनं तोड काढली होती. आया जिथं रोप लावतील तिथल्या शाळेत सगळी पोरं बसवायची. आमची पोरं खोरीपाड्याला जायची तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जायचो. खोरीपाड्याची आमच्याकडे यायची तेव्हा माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मला ती पद्धत फार आवडायची. कुठल्या पुस्तकात ती वाचली नव्हती.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात वरून आदेश सुटला. कमी पटाच्या शेजारशेजारच्या शाळा एकत्र करायच्या, मास्तर मोठ्या शाळेत हलवायचे. पाहणीला तालुक्याहून साहेब निघाले ते नेमके आवणीत. खोरीपाड्याच्या रस्त्याला जीप उभी केली, एका शिपायाला खिंडीपलीकडे धाडलं. तो परत आला आणि म्हणाला, शाळेला कडी आहे, ओट्यावर शेळी बसली आहे. मग साहेब खोरीपाड्याच्या वर्गात शिरले. तिथं आमची पोरं बसलेली, आणि मीही.

“ही कुठली मुलं?” त्यांनी विचारलं.

“उंबरमाळची,” मी म्हणालो. “साहेब, सध्या सावड चालू आहे. त्यांच्या आया इथं...”

“म्हणजे मुलं इथं बसतात.”

“आवणीपुरती, साहेब. पुढच्या आठवड्यात इथली मुलं तिकडे...”

माझा आवाज जात्याच बारीक. साहेबांनी माझ्यावरून नजर काढून दारात उभ्या असलेल्या सरपंचाकडे नेली. सावळीराम त्याचं नाव. “काय सरपंच, उंबरमाळची मुलं इथंच बसतात ना?”

सावळीरामनं एकदा मुलांकडे पाहिलं. पट वाढला तर दुसरा मास्तर मिळतो, नवी खोली मिळते, हे त्याला ठाऊक होतं.

“हा साहेब,” तो म्हणाला. “आमच्यातच बसतात.”

साहेबांनी पोरांची डोकी मोजली आणि मग ते चहा प्यायले. पोरांच्या आया हाकेच्या अंतरावर, सावळीरामच्याच खाचरात वाकलेल्या होत्या. एकीलाही कुणी विचारलं नाही. सावळीरामला ज्या हातांनी भात लावून मिळत होता, त्याच हातांची पोरं तो मोजून देत होता.

शाळा बंद करण्याचा आदेश उन्हाळ्यात आला. फळा, कपाट आणि मी, तिघेही खोरीपाड्याला हललो. शाळेला कुलूप घातलं आणि किल्ली ग्रामपंचायतीत जमा झाली.

जूनमध्ये पोरं खिंड चढून यायला लागली. पहिलीतला मंगळू तीन दिवस आला, चौथ्या दिवशी त्याची आई त्याला पाठुंगळी घेऊन आली, मग तेही बंद झालं. वहाळाला पाणी आल्यावर मोठी पोरंही थांबली. भागीबाईची नात रोशनी चौथीत होती. तिला बसवलं तिथं ती वाचत बसायची, अगदी गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा. ती येईनाशी झाल्यावर मी उंबरमाळला गेलो. तिचा बाप चंदर दारात विळ्याला धार लावत होता.

“शाळा लांब गेली, गुरजी,” तो म्हणाला. “दिवाळी झाली की आमी दिंडोरीला द्राक्षाच्या मळ्यावर जाऊ. हिला घेऊन जातो. बारक्याला संभाळंल.”

“आणि चौथी?”

“चौथी करून तरी मळ्यावरच जायचं हाय.”

चुलीजवळून भागीबाई म्हणाली, “तू गेलास ना मळ्यावर बिनचौथीचा? मंग तिला पुन्यांदा तितंच कशाला पाठवतोस? नवं काय घडतंय का बघू दे की जरा.”

“आई, शाळा हाय कुठं?”

भागीबाईनं चुलीत लाकूड सारलं. दरवर्षी आई-बाप मळ्यावर जायचे तेव्हा पाड्यातली पोरं आज्यांजवळ राहायची ती शाळेच्या जिवावर. शाळा गेली तर पोरं मळ्यावर जाणार, आणि मळ्यावर गेलेलं पोर परत वर्गात बसत नाही. हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. मी तिथून निघालो तेव्हा मला इतका राग आला होता की वहाळाजवळ मी उगाचच एक दगड उचलून पाण्यात टाकला. माझ्या वयाच्या माणसानं असं करावं का, कोण जाणे.

आवणी आली. खोरीपाड्याचं रोप तयार झालं. उंबरमाळहून कुणी आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. निरोप गेला, निरोप्या चहा पिऊन परत आला. उंबरमाळच्या लोकांनी आपली चार खाचरं आपण लावली आणि हात धुऊन ओट्यावर बसले. खोरीपाड्याची शेतं मोठी, माणसं त्या मानानं थोडी, आणि मजूर आणावेत तर त्या दिवसांत मिळत नाहीत. रोप वाफ्यातच निबर व्हायला लागलं.

शेवटी भर पावसात सावळीराम डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन उंबरमाळला गेला. मलाही बरोबर घेतलं; मास्तर असला म्हणजे बाया शिव्या देणार नाहीत, असा त्याचा हिशेब. भागीबाई खोरीपाड्याची माहेरवाशीण, नात्यानं त्याची आत्या. ती पडवीत नागली पाखडत होती. शेजारी भिमाबाई, लंकाबाई आणि आणखी दोघीतिघी.

“आत्या, रोप पिवळं पडाया लागलं,” सावळीराम म्हणाला. “कवा येता?”

“कुठं?” भागीबाईनं सूप थांबवलं नाही.

“कुठं म्हंजे? सावडीला.”

“कशाची सावड? मागल्या साली आमी सावडीला आलो, तर तू आमची शाळाच ठेवून घेतलीस. औंदा आलो तर चूल ठेवून घेशील.”

बाया हसल्या. सावळीराम कागद झटकत म्हणाला, “मी काय केलं? कायदा वरून आला.”

“कायदा वरून आला. ‘आमच्यातच बसतात’ हे कुठून आलं? ते बी वरूनच?”

“साहेबानं इचारलं, मी सांगितलं. बसलीच व्हती ना पोरं?”

“तुजे बैल मागल्या साली माज्या खाचरात आठ दिस व्हते,” भिमाबाई म्हणाली. “मंग ते माजेच झाले म्हनायचे. सोडून दे आता इकडं.”

सावळीराम माझ्याकडे वळला. “मास्तर, तुमी शिकलेले. सांगा यान्ला. एका जागी दोन मास्तर झाले, पोरांचं भलंच झालं ना?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “पोरं येतच नाहीत.”

“कोन येत नाय?”

मी नावं सांगायला लागलो. मंगळू. झिपरूची धाकटी. दत्तू. आशा. रोशनी. एकेक नाव घेताना माझा आवाज चढत गेला, तो कुठवर गेला ते मला कळलं नाही. पण शेवटी पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं. आयुष्यात मी कुणावर ओरडलेलो नाही. तेव्हाही कुणावर ओरडलो असं नाही, नुसती नावंच ओरडलो.

सावळीराम खाली बसला. “मंग काय करू, आत्या?” तो म्हणाला.

“सावडीला सावड,” भागीबाई म्हणाली. “आमचे हात पायजेत ना? तुज्याकडं दोन मास्तर हायत. त्यातला एक इकडं दे. रोज. खिंड चढून त्यो येईल, पोरं जानार नायत.”

“मास्तर काय बैल हाय, जू घालून धाडायला?”

“बैल तू न इचारता धाडतोस. मास्तराला तरी इचार.”

“आन साहेबाला काय सांगू?”

“खरं सांग. नायतर खोटं सांग. तुला दोन्ही येतं.”

पुन्हा बाया हसल्या, पण या वेळी भागीबाई हसली नाही. तिचे डोळे माझ्यावर होते. नोकरीची माझी दोनच वर्षं उरली होती. नेमणूक एकीकडे आणि मास्तर दुसरीकडे, हे पकडलं गेलं तर काय होतं ते मी नियमांच्या पुस्तकात वाचलेलं होतं, आणि ते पुस्तक मी इतर पुस्तकांसारखंच नीट वाचलेलं होतं. आपण या कामाचे आहोत का, आपल्याला हे निभेल का, असं सगळं मनात आलं. दारात रोशनी बारक्याला काखेत घेऊन उभी होती.

“शाळेची किल्ली कुठं आहे?” मी सावळीरामला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली आली. उंबरमाळच्या बाया खिंड उतरून गेल्या आणि मी खिंड चढून आलो. वाटेत गाठ पडली तेव्हा लंकाबाई म्हणाली, “गुरजी, तुमी आमची सावड फेडा, आमी तुमची.” फळा नव्हता. मी भिंतीला काजळी आणि डिंक फासून त्यावर लिहायला लागलो.

पोळ्याच्या सुमारास साहेब आले. खोरीपाड्याच्या शाळेत दुसरा मास्तर दिसला नाही, तेव्हा त्यांनी सरपंचाला बरोबर घेतलं आणि या खेपेला शिपायाला न धाडता स्वतः निघाले. आम्ही वर्गातून पाहत होतो. वहाळाला मांडीइतकं पाणी होतं. साहेबांनी बूट हातात घेतले, पँट वर केली, आणि मध्यावर एक बूट पाण्यात पडला. सावळीरामनं तो धावत जाऊन धरला. पोरं हसली. मी त्यांना गप्प करायला हवं होतं.

साहेब दारात आले ते लाल होऊन. “मास्तर, तुमची नेमणूक कुठं आहे?”

“खोरीपाड्याला.”

“मग इथं काय करताय?”

माझ्याआधी सावळीरामच बोलला. ओला बूट त्याच्या हातात होता आणि तो चेहरा अगदी सरळ ठेवून उभा होता. “सावडीला आलेत, साहेब.”

“काय?”

“सावडीला. बसतात खोरीपाड्यातच. इथं आपले सावडीला येतात.”

“सरपंच, मागल्या वर्षी तुम्हीच म्हणालात...”

“मागल्या साली म्या सांगितलं ते तुमी लिवून घेतलं,” सावळीराम म्हणाला. “हे बी लिवून घ्या.”

“मी नोटीस काढीन. तुमच्यावर, आणि या मास्तरांवर.”

भागीबाई कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती म्हणाली, “साहेब, बूट वाळू द्या, मंग काढा. पाय भिजले तुमचे. पयलीच्या पोराचं डोकं भिजतं तितं.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे बोट करून उभे होते. मी म्हणालो, “नोटीस काढा. तीत लिहा की तुम्ही वहाळ ओलांडून आलात, आणि पाणी केवढं होतं तेही लिहा.” हे मी खरोखर म्हणालो की नुसतं मनात म्हणालो, याबद्दल मला पुढे बरीच वर्षं शंका होती. रोशनी सांगते, म्हणालात गुरुजी, आणि तुमच्या हातातला खडू मोडला.

नोटीस आली. माझी एक वेतनवाढ थांबली, पण रोज खिंड चढणं मी थांबवलं नाही. सावळीरामच्या शाळेची नवी खोली मंजूर झाली नाही. वहाळाचं पाणी कशातही लिहिलं गेलं नाही. उंबरमाळची शाळा परत सुरू करावी म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला, त्यावर सावळीरामनं पहिली सही केली. उत्तर आलं, की तिथं मुलं बसत असल्याची नोंद नाही. ते उत्तर वाचून मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

दिवाळी झाली. चंदर आणि त्याची बायको दिंडोरीला निघाले. खांद्यावर बोचकं घेतलेला चंदर दारात थांबला आणि रोशनीकडे पाहत म्हणाला, “मंग बारक्याला कोन बघंल?”

“ठेव त्याला बी,” भागीबाई म्हणाली. “शाळा हाय की इथं.”

सगळ्या हिवाळ्यात बारक्या वर्गात रांगत होता. पाटीवरचं पुसायचा, काजळीच्या भिंतीला हात लावून तोंड काळं करायचा, आणि शेजारी रोशनी मोठ्यानं चौथीचं पुस्तक वाचत असायची. कागदाप्रमाणे त्या खोलीला कुलूप होतं. ती सगळी मुलं तेव्हा खोरीपाड्याला बसलेली होती, मीही. आणि त्यांची कसलीही गैरसोय झालेली नव्हती.