रेघ वर गेली तेव्हा

मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव जड असलं तरी काम सोपं: विजेचा बारीकसा चढउतार हिरव्या रेघेत दाखवायचा. हल्ली कपाटावर धूळ खात पडलोय; पण मित्रांनो, एके काळी माझ्यावाचून या प्रयोगशाळेचं पान हलत नव्हतं.

मी नवाकोरा आलो तेव्हा बाईंनी स्वतः माझं खोकं उघडलं. बाई म्हणजे इथल्या संशोधक. सकाळी आल्या की आधी मला चालू करायच्या आणि मी तापेपर्यंत चहा प्यायच्या. कप माझ्याच डोक्यावर! यंत्रं सांभाळणारे मिस्त्री कुरकुरायचे, "बाई, सांडला तर हा गेला बरं का." बाई हसायच्या आणि कप तिथंच राहायचा.

आमचं काम मज्जारज्जूतल्या काही पेशींवर चालायचं. छाती धडधडते, घाम फुटतो, हे काही आपण ठरवून करत नाही. ते हुकूम या पेशी पुढं धाडतात. पण हुकूम सुटतच राहिले तर माणसाचं काही खरं नाही. म्हणून 'जरा दमानं घे' असं त्यांना सांगणारी रसायनं शरीरातच असतात. ग्लायसिन त्यातलंच एक, गाबा दुसरं. बाई उंदराच्या मज्जारज्जूचा पातळ काप जिवंत ठेवायच्या, खारं पाणी भरलेल्या काचेच्या नळीचं केसाहून बारीक टोक एका पेशीत अलगद शिरवायच्या आणि वरून ग्लायसिनचा थेंब सोडायच्या. पेशीची दारं उघडायची, बाहेरचं ऋण विद्युतभाराचं क्लोराइड आत शिरायचं आणि माझी रेघ हळूच खाली उतरायची. पेशी शांत. बाईही शांत. काय सुखाचे दिवस होते ते!

बऱ्याच वर्षांनी बाईंच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आली. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. एके दिवशी तिनं थेंब सोडला आणि रेघ खाली जाण्याऐवजी वर चढली. पुन्हा थेंब, पुन्हा वर.

"हा म्हातारा बिघडलाय, बाई," चिमणी म्हणाली.

नवं यंत्र मंजूर झालेलंच होतं. मला भंगारात काढायला मिस्त्री पाना घेऊनच आले. मी दिसलं तेच दाखवत होतो, पण सांगणार कसं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी एक छोटी बॅटरी मला जोडली. मी तिचा विजेचा दाब अगदी बरोबर दाखवला. मग त्या वळल्या. "चिमणे, नळीत काय भरलंयस?"

"नेहमीचंच मीठ, बाई." ती बाटली बघायला गेली आणि तिथंच उभी राहिली. अ‍ॅसिटेटचं मीठ हवं होतं, तिनं क्लोराइडचं भरलं होतं. नळीतून ते पेशीत झिरपलं होतं. आत इतकी दाटी झाली, की दारं उघडताच क्लोराइड आत यायचं सोडून बाहेर पळत होतं. रेघ वर जाणार नाही तर काय!

"यंत्रही खरं बोलत होतं आणि पेशीही," बाई म्हणाल्या. "चुकलो आपण." मिस्त्री पाना घेऊन परत गेले. चिमणीनं त्याच दिवशी दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली.

पुढं बाई निवृत्त झाल्या. माझी काचही वयानं विझली. त्याची तक्रार नाही. आठवण येते ती बाईंची, खाली उतरणाऱ्या रेघेकडे श्वास रोखून बघणाऱ्या.

मित्रांनो, एवढंच मागतो. एखादं यंत्र बिघडलं म्हणण्याआधी आपल्या हातून काय घडलंय ते बघा. आम्हाला खोटं बोलता येत नाही, आणि आपली बाजूही मांडता येत नाही.