मागच्या दाराची मांजरवाट

मी निमगाव केतकीच्या सिद्धूच्या घराचा मागचा दरवाजा बोलतोय. सध्या अंगणातल्या लिंबाला टेकून उभा आहे. बिजागऱ्या अंगावर आहेत, भिंत मात्र नाही.

मेंढरांमागची भटकंती सोडून सिद्धूच्या वडिलांनी मातीचं घर बांधलं, तेव्हा मी बाभळीच्या फळ्यांतून घडलो. आतून मला लाकडी अडसर होता. भिंतीतल्या खोल खोबणीत तो सरकून बसायचा. पुढं ज्वारीच्या कणगीला उंदीर लागले आणि सिद्धूच्या बायकोनं, भामाबाईनं, माझा खालचा कोपरा कापून मांजराला वाट करून दिली. आधी वाईट वाटलं. मग मांजराची मऊ पाठ तिथं घासून गेली, आणि ते भोक माझं झालं.

यंदा, शहाण्णवच्या उन्हाळ्यात, त्यांची लेक सुकन्या बडोद्याहून घरबांधणी शिकून आली.

"आई, तू भर दुपारी दिवा लावून भाकरी थापतेस. हे चालायचं नाही! मागचं दार बुजवू, पूर्वेला नवं काढू. या घरात उजेड आलाच पाहिजे."

कारखान्यातून दमून आलेला सिद्धूही तिच्या बोलण्यानं उठून बसायचा.

मग फोडाफोडी सुरू झाली. माणसं एका खोलीत, चूल पत्र्याखाली, चुलीशेजारी चंद्री शेळी. खुडूक कोंबडी गवंड्याच्या घमेल्यात अंड्यांवर बसली. खंड्या कुत्रा प्रत्येक घणाला भुंकायचा आणि पोपट गवंड्याच्या आवाजात ओरडायचा, "माल आण, माल!"

माझी चौकट काढली. आतल्या बाजूनं विटा लागल्या, बाहेरून मला नुसतं टेकवून ठेवलं. त्या मधल्या अंधारात, अडसराच्या रिकाम्या खोबणीत, भुरी मांजरीनं आपली पिल्लं आणून लपवली. माझ्यातूनच तिची ये-जा चालायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी सावळाराम गवंड्यानं बाहेरच्या विटा लावायला मला उचलून लिंबाला टेकवलं.

"वैनी, मांजराची पिल्लं दिसंनात?"

"नेली आसतील. मांजर सात घरं फिरवतं पिल्लांना. आत्ता कुठं तिसरं आसंल!" भामाबाई हसली.

सावळारामनं वाकून पाहिलं. जागा मोकळी दिसली. कडेच्या खोबणीकडं कोण बघतंय? विटांचा थरावर थर चढत गेला. मी लिंबाखालून बघत होतो. ओरडायला मला तोंड नव्हतं, वाऱ्यानं करकरायला बिजागरीही भिंतीत नव्हती.

भुरी उंदीर तोंडात धरून आली तेव्हा शेवटचा थर लागत होता. तिनं भिंत हुंगली. मग धावत माझ्याकडं आली, भोकातून आत शिरली, आणि पलीकडं अंगणातच निघाली. उंदीर गळून पडला. ती पुन्हा शिरली. पुन्हा अंगणच.

"आबा, बघा ही येडी!" सुकन्या हसली. "दारातून जाते आणि घर सापडत नाही हिला."

भुरी तिच्या पायाशी येऊन ओरडली. तिचं दुधानं भरलेलं पोट सुकन्याला दिसलं आणि तिचं हसू थांबलं.

"सावळामामा, थांबा! विटा काढा!"

"ताई, ओलं काम हाय."

"येका मांजरापायी भिंत पाडतीस व्हय?" सिद्धू कडाडला.

"दार मी बुजवायला लावलं, आबा. मीच उघडणार."

तिनं हातांनीच विटा ओढल्या. बोटं सोलली. खोबणीत कोपरापर्यंत हात घातला. आत बोटांनी चाचपलं. मग तिच्या तळव्यावर पहिलं पिल्लू हललं.

सगळी पिल्लं निघाल्यावर भिंत पुन्हा लागली. पूर्वेला गुळगुळीत नवं दार बसलं. घरात खरंच उजेड आला. सुकन्यानं माझं भोक मापून नव्या दारावर पेन्सिलीनं खूण केलीय, पण करवत अजून फिरलेली नाही. "नव्या दाराला भोक? पाव्हणं हसतील," असं सिद्धू म्हणतो. पिल्लं आता अंगणभर हुंदडतात आणि दिवस कलला की, दार लागून एखादं बाहेरच राहील म्हणून, माझ्या फळ्यांत भीती भरते.

पण दार ओढण्याआधी तोच सिद्धू उंबऱ्यावर थांबतो, अंधारात बघतो आणि हाक मारतो, "भुरे, समदी आली का गं?"

तुम्हीही नवं घर बांधाल. बांधा. फक्त दार लावून घेण्याआधी एकदा हाक मारा. ज्यांना बोलता येत नाही, त्यांना ओ देता येते.