उपाशी ठेवलेली बॅटरी

दादाचं म्हणणं, बॅटरी म्हातारी झाली. माझं म्हणणं, म्हातारी व्हायला तिने आयुष्यात केलंय काय? माझ्या चाकांच्या खुर्चीत बसून तिला वर्षही झालं नव्हतं. पण महिनाभर तेच चाललं होतं. रात्रभर चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी लाल दिवा.

मला जायचं होतं पुलापलीकडे. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानात नोकरी मिळाली होती. अपघाताआधी मी चार्जरच्या कारखान्यात तपासणीला होते. दुकानाच्या मालकाने खुर्चीबद्दल अवाक्षर काढलं नाही, काम कुठे केलंय एवढंच विचारलं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"घरी काय कमी आहे तुला?" दादा म्हणाला.

"करंट," मी म्हणाले.

मागे एकदा खुर्ची रात्रीपाठोपाठ पूर्ण दिवसही लावून ठेवली होती, तेव्हा ती संध्याकाळी झक्क पळाली होती. म्हणजे बॅटरी म्हातारी नव्हती, उपाशी होती. रविवारी दुपारी दादा कामावर गेला आणि मी मीटर काढला. प्लगला वीज बरोबर. चार्जरचे व्होल्ट बरोबर. वायर गरम नाही, पिना काळ्या नाहीत. मग मीटर मधे घालून करंट मोजला. पाच अँपिअरच्या जागी जेमतेम दीड, तोही रिकाम्या बॅटरीला. पाणी आत कुठेतरी मुरत होतं.

प्लग काढला, आतला चार्ज उतरेपर्यंत थांबले आणि चार्जरचा डबा उघडायला घेतला. कंपनीचे स्क्रू सहज सुटत नाहीत. हे मात्र गुमान फिरले आणि माझ्या बोटांना तेल लागलं. माझा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. कुठलाही डबा बंद करताना तो प्रत्येक स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब देतो. मीच त्याला त्यावरून चिडवते.

करंट कमीजास्त करायला आत एक बारीक स्क्रू असतो. तो हलू नये म्हणून कारखान्यात त्यावर रंगाचा ठिपका देतात. असे हजारो ठिपके मी दिलेत. इथला ठिपका फुटला होता आणि स्क्रू कमीकडे फिरवलेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा परतला तेव्हा उघडा चार्जर टेबलावर होता. त्याने पाहिलं आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.

"कोपऱ्यापर्यंत जाता येत होतं ना तुला," तो म्हणाला. "तेवढं ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस? मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे?"

"पुलावरून गाड्या कशा जातात बघितलंस? त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. तुला रस्त्यावरून मी उचललंय. परत उचलायची ताकद नाही गं माझ्यात."

त्याचे डोळे भरले. माझेही भरले, पण राग काही उतरला नाही.

"मग नको उचलूस," मी म्हणाले. "पण माझी वीज मोजून देऊ नकोस. मी कुठवर जायचं ते तू ठरवायचं नाहीस."

त्याने पेचकस उचलला. मी तो हातातून काढून घेतला.

"कमी तू केलंस. वाढवणार मी."

चार्जर पुन्हा जोडला आणि मीटरवर नजर ठेवून स्क्रू हळूहळू फिरवला. आकडा पाचवर आला. आतून वहिनी आली आणि न मागता तिने तिची लाल नेलपॉलिशची बाटली पुढे ठेवली. तिला सगळं ठाऊक होतं तर! तिच्याशी नंतर बघून घेईन असं मनात म्हणत मी लालभडक ठिपका दिला.

सोमवारी पुलाच्या चढाला लागले आणि आरशात पाहिलं. मागून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून तो आरसा दादानेच खुर्चीला बसवला होता. त्यात दादाच दिसला. अपघातानंतर त्याने गाडीला हात लावलेला नाही, त्यामुळे पायीच, जवळजवळ पळत येत होता. वेग मात्र मी कमी केला नाही.

मी दुकानाशी पोचले तेव्हा दिवा हिरवा होता. बऱ्याच वेळाने दादा आला, कमरेवर हात ठेवून धापा टाकत.

"फार पळवतेस गं," तो म्हणाला.

"उद्या घरातून जरा लवकर निघ," मी म्हणाले आणि आत गेले.