डहाळीचा कोस

माही बायको सायकलच्या कॅरेजवरून पडली अन् मले अर्धा कोस कळलंच नाई. हसा, हसून घ्या. सारं गाव हसून बसलं, तुम्हीच काऊन मागं राह्यता?

दिवाळीची गोष्ट हाय. भाऊबीजेसाठी वच्छलेले तिच्या माहेरी नेऊन राह्यलो होतो. आमचं गाव गडचिरोलीजवळ, अन् तिचं चिचटोला धानोऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात. सतरा कोस. सायकल नवीकोरी, आलापल्लीच्या सागवान डेपोत दोन वर्षं राबून घेतलेली. मले तसंही एका जागी बसवत नाई. माय म्हणे, याच्या पायाले आधीच भिंगरी, त्यात मेल्यानं चाकं आणली. त मी पायडल मारून राह्यलो अन् बोलून राह्यलो. चढावर दम कसा राखावा, उतरणीवर कोणता ब्रेक दाबावा, कठाणीच्या खोऱ्यात रस्ता कुठी फसवते, सारं तिले समजावून सांगत होतो. पळसाच्या नाल्यात मोठा गचका बसला. मी म्हटलं, "घट्ट धरजो वो," अन् पुढं सुरूच. पाणपोईवरच्या म्हातारीनं विचारलं, "बाबू, कोनासंग बोलून राह्यला?" तवा मागं पाहिलं. कॅरेजवर नुसतं फराळाचं गठुडं होतं.

इथपर्यंत हसण्यासारखं हाय. पुढचं नाई.

वापस गेलो त ती नाल्याच्या काठावर बसून होती. डावं मनगट सुजून वाकडं झालेलं. अन् मी काय बोललो? "धरून बसता येत नाई का तुले? लोकं हसून राह्यले ना मले!" असं बोललो मी. या तोंडानं बोललो. ती उठली. मागून एक बैलबंडी आली, तिच्यात चढून बसली अन् माहेरी गेली. मीही रागानं सायकल फिरवली अन् घरी आलो.

तीन महिने गेलो नाई. माय रोज म्हणे, "जाय बाबा, घेऊन ये." मी म्हणो, "मी पाडलो का तिले? ते पडली!" पण घरात जेवण गोड लागे नाई. सायकल घेऊन नुसता हिंडो, या गावाहून त्या गावाले, कामाशिवाय. जिवाले चैन कशी ती नव्हती.

मग माघात बाजाराच्या दिवशी निरोप आला. उद्या चिचटोल्यात पंच बसणार. काडीमोड. आमच्यात पंचांसमोर धानाची वाळली काडी मोडली का नवराबायकोचं नातं सरलं. नवरा नाई आला त त्याच्या नावानं सासरा मोडते. सूर्य डोंगराले टेकेपर्यंत वाट पाहू, असं सासऱ्यानं, सोमाजीमामानं, सांगून पाठवलं होतं.

निरोप ऐकला. तवा कळलं का मले राग नव्हता, भेव होतं. ती नाई म्हणन याचं भेव.

पहाटेच निघालो. रस्ता मुरमाचा, चढ आला का उतरून ढकला, उतार आला का जीव मुठीत धरा. दुपार कलायच्या आधी धानोऱ्याच्या पुढं फाट्यावर आलो. सडक तिथून डोंगराले वळसा घालून जाते, सहा कोस, अन् मधात उभा घाट, सारा ढकलत चढायचा. सडकेनं गेलो असतो त सूर्य माह्या आधी पोचला असता.

फाट्यावर लालसू म्हाताऱ्याचं घर. गोंड माणूस, अंगणात दोर वळत बसला होता. मी म्हटलं, "जोहार दादा, चिचटोल्याले जवळची वाट हाय का?"

"हाय. नदीकाठानं गाडवाट. डाव्या हाताले लय वाटा फुटतात, साऱ्या सारख्या दिसतात. नदी पार करायचा उतार एकाच वाटेले हाय, बाकी सारा डोह." त्यानं अंगणातल्या जांभळीची डहाळी मोडून माह्या हातात दिली. "हे कोमेजल तिथी डावीकडं वळ. एक डहाळीचा कोस."

हे मले नवं नव्हतं. माहा आजाही जंगलात असाच कोस सांगे. हिरवी डहाळी मोडायची, चालायचं, पानं माना टाकतील तिथी कोस भरला. मी डहाळी हॅन्डलाले बांधली अन् टांग मारली.

काय वाट होती! एका बाजूनं नदी, एका बाजूनं टेकडी, खाली-वर, खाली-वर. मी डहाळीकडं पाहो, पानं ताठ. डावीकडं एक वाट गेली, दोन गेल्या, पाच गेल्या. डहाळी हिरवीगार. मी म्हटलं, आज देव पाठीशी हाय. लय वेळानं पानं लोंबली तसा डावीकडं उतरलो, अन् समोर पाणी. काळंशार. दोन्हीकडं दगडाची कपार. म्हशी बुडतील असा डोह.

तिथी मी लालसूले शिव्या दिल्या. जांभळीले दिल्या. नदीत धोंडे फेकले. मग सायकलकडं पाहिलं अन् कपाळावर हात मारून घेतला. अरे येड्या! लालसू जिंदगीत कधी सायकलवर बसला हाय का? त्याचा कोस पायाचा. पायानं डहाळी कोमेजते तेवढ्यात मी चाकानं तीन कोस आलो. उतार कधीचाच मागं राह्यला होता, अन् कोणत्या वाटेनं ते कोणाले माहीत!

आल्या रस्त्यानं तसाच वापस. लालसूच्या अंगणात पडलो तवा सूर्य कलला होता. सांगितलं त म्हातारा खोकेपर्यंत हसला.

"सायकलीले बांधली? अन् मी समजलो जवाई हुशार हाय." मग त्यानं नवी डहाळी मोडली. "चाक ठेव इथी. पायी जाय. अन् पळू नोको, पळला त पुन्हा चुकशीन."

मी सायकल जांभळीले टेकवली. हात निघे नाई तिच्यावरून.

लालसू म्हणे, "तुह्या बाईले त्या दिवशी मीच नेलो माह्या बंडीत. रडली नाई. मने, दादा, बैल हळू हाका. दर वळणावर मागं पाहे. मी म्हटलो, काय पाह्यते बाई? त मने, ते येतील मागून."

  मी डहाळी घट्ट धरली अन् चालाय लागलो.

डहाळी हातात धरून चालणं काय असते ते मले इचारा. सूर्य उतरून राह्यला, तिकडं काडी वाट पाहून राह्यली, अन् मले पळता येत नाई. पाय आपोआप भरभर पडत, मी त्यायले आवरो. पळलो त डहाळी खोटी पडन. थांबलो त सूर्य जाईन. मनात सारखं, येतील मागून, येतील मागून. तीन महिने कोणी मागून गेलं नाई तिच्या.

पानं लोंबली तिथी डावीकडं वाट होती. इतर वाटांसारखीच, काही वेगळी नाई. उतरलो. कमरेइतकं पाणी, खाली रेती. पार झालो, डोंगर चढलो, तवा कुठी चिचटोल्यातल्या घरांवरचे कवेलू दिसले.

चिंचेखाली पंच बसले होते. सोमाजीमामाच्या हातात काडी होती. सूर्य डोंगराले टेकला होता. सारे माह्याकडं पाहत, मग माह्या मागं पाहत. नानाजी पाटील, पंचांचा मोठा, म्हणे, "सायकल कुठी हाय? तिलेही पाडून आला का?"

सारे हसले. एरवी मी भांडलो असतो. वाटंत मोठं भाषण जुळवलं होतं, ते कुठी गेलं कोण जाणे. मी एवढंच म्हटलं, "ते पडली तवा मले कळलं नाई, ही माही चूक. पण त्याच्यानंतर मी जे बोललो, ते चूक नाई, पाप हाय. नेऊ द्या म्हणाले तोंड नाई माहं. पण न्यायले आलो."

नानाजीनं वच्छलेले विचारलं. ती ओसरीच्या खांबाआडून पुढं आली. मनगट अजून थोडं वाकडंच. माह्या हातातल्या डहाळीकडं पाहून म्हणे, "पायी आले?"

"हो."

ती बापाकडं वळली. मग म्हणे, "बाबा, काडी आज राहू द्या. फेकू नका, पण राहू द्या." मामानं काडी छपराच्या फटीत खोसून ठेवली. ती तिथीच हाय अजून, जाता-येता दिसते मले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चालत लालसूच्या अंगणात आलो. तिनं सायकलकडं पाहिलं. मी म्हटलं, "ढकलत नेतो. पायीच जाऊ."

"अकरा कोस?" ती म्हणे. "मी बसीन. पण एक अट हाय. बोलायचं मी. तुम्ही काहीच बोलायचं नाई. अन् माहा आवाज बंद झाला का थांबजा."

लालसू पुन्हा हसला. मी पायडल मारलं.

अन् ती बोलली हो! लग्नाले चार वर्षं झाली, पण एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माहेरची शेळी, भावाचं लग्न, माह्या मायच्या खोड्या, मनगट बांधणाऱ्या वैदूचा तिखट लेप, लहानपणी जंगलात चुकली होती ते, तिले आंबट काय आवडते ते. मी नुसता ऐकत होतो. चढ कधी आले, कधी गेले, काही समजलं नाई.

पळसाच्या नाल्याची उतरण लागली. सायकल सुसाट सुटली. अन् मागचा आवाज बंद झाला.

मी दोन्ही ब्रेक दाबले. चाकं घसरली, पाय जमिनीले लागला. मान वळवून पाहिलं.

ती कॅरेजवरच होती. मांडीवर गठुडं, एक हात माह्या सदऱ्याले घट्ट, अन् डोळे भरलेले.

"थांबले न," ती म्हणे. "चला आता."