ठोंब्याचा गुरुवार

दोन टन अॅल्युमिनियमच्या त्या दांड्याला तिनं नाव ठेवलं होतं ठोंब्या. अठरा वर्षं तो टाकीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत टांगलेला. दूर कुठे दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशाला लहर येते. ती ठोंब्याच्या सुराची असेल तर तो थरथरणार, तेही अणूच्या गाभ्याहून बारीक. एवढ्या आशेवर तिनं त्याला सांभाळलं. दरम्यान लांबच लांब हातांची लेझरची यंत्रं आली आणि लहरी पकडून मोकळी झाली. साहेबांनी महिनाअखेर टाळं ठोकायचं ठरवलं.

"एक तरी खरी थरथर दाखवा, वर्षभर थांबतो."

आणि गुरुवारी दुपारी पडद्यावरची ठोंब्याची रेष उसळली. तिनं सगळं तपासलं. रस्त्यावर ट्रक नव्हता, कुणी दार आपटलं नव्हतं, जमीन हलली नव्हती. पण एकट्या दांड्याची साक्ष चालत नाही. दुसराही त्याच क्षणी थरथरलेला लागतो. दुसरा होता दूरच्या शहरात, दादांकडे. दादा म्हणजे अठरा वर्षं फोनवरच भेटलेला, मानलेला भाऊ.

"दादा, गुरुवार, दोन वाजून अकरा मिनिटं. तुमच्याकडे काय दिसतंय?"

"काही नाही गं. गुरुवारी आम्ही दांडा थंड ठेवायला हेलियम भरतो ना. दिवसभर बहिरा असतो तो."

"गुरुवारी कशाला? सोमवारी भरायचं!"

"तूच म्हणालीस बाई. दोघं सोमवारी एकदम बहिरे होतात, एक तरी जागा राहू दे. भांडून वार बदलायला लावलंस मला."

तिनं कपाळावर हात मारला. एकाची साक्ष चालत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी आठवड्याला एक दिवस वाया जायचा, तिथं तिनंच दोन घालवले होते. साहेब नाही म्हणणार, आणि साहेबांचंच बरोबर असणार. तेच तिला जास्त झोंबलं.

तिनं रिकाम्या पिंपाला सणसणीत लाथ घातली. पडद्यावर रेष टुणकन उडाली.

"माझी लाथ बरी कळते रे मेल्या तुला!"

पाय चोळत तिनं पुन्हा फोन लावला.

"दादा, तुमचं भरणं सोमवारवर आणा."

"अगं, तीन आठवडे उरलेत. आता कशाला?"

"आणा म्हणते ना."

दादा खाकरले. "बरं बाई. सोमवार. पुन्हा बदलू नकोस म्हणजे झालं."

"नाही बदलत," ती म्हणाली, आणि फळ्यावरचा दादांचा गुरुवार तिनं बोटानंच पुसला.