जाळीआडचा आवाज

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनी ते दार ओढून घ्या, वारा येतोय. देवाच्या दारी गायलेल्या एका आवाजाची गोष्ट सांगतो.

इटलीतल्या मोनफेर्रातोच्या टेकड्यांमधलं कास्तेल्मोरो हे बाजाराचं जुनं गाव. शुक्रवारी भोवतालच्या द्राक्षमळ्यांतली माणसं तिथं उतरत. देल्फिनाही येई. कमानीखाली तिची जागा ठरलेली. वाकवून मातीत पुरलेल्या, उजेडाविना पांढऱ्याफेक झालेल्या कार्दोच्या भाजीच्या जुड्या मांडून ती बसे. शेजारी चीजवाला बास्तियान.

गावातल्या नन्सच्या मठाची दुपारची घंटा झाली की ही उठायची.

"निघाली बघा," बास्तियान गिऱ्हाइकाला सांगे. "भाजी मी विकायची आणि पुण्य हिनं कमवायचं."

"तुझ्यासाठीपण मागून येते. पण तुला वर ओढायचं तर देवाला माणसं लावावी लागतील."

"माझं वजन काढतेस?"

"तुझं नाही, तराजूचं. त्याबद्दल देवच बोलेल तुझ्याशी."

हसत जायची, पण मठाच्या देवळात पाऊल टाकलं की तोंडावरचं हसू मावळायचं. त्या मठात तिची धाकटी बहीण होती, कोलोंबा. तिथल्या बायका एकदा आत गेल्या की बाहेर येत नाहीत. देवळातही वेदीमागच्या दाट जाळीआड बसून गातात. ऐकू येतात, दिसत नाहीत. कोलोंबा गेली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, आणि द्राक्षं वेलीवर पिकून लोंबलेली. "तू देवाची झालीस, आता माझी कोणी नाहीस," असं देल्फिना उंबऱ्यात बोलून गेली. पुढं केस पिकले तरी मठातल्या भेटीच्या खोलीत तिनं पाय ठेवला नाही. भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटात एक जुडी ठेवायची, नाव न सांगता कपाट आत फिरवायचं, आणि देवळातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं.

कारण जाळीआडून एक आवाज यायचा. बाकीचे आवाज खाली राहायचे आणि तो एकटाच वर चढायचा, कुठं न अडखळता. द्राक्षं तोडताना कोलोंबा अशीच गायची. हात थांबवून सगळी टेकडी ऐकायची. देल्फिना डोळे मिटून घेई. धाकटीचा गळा शाबूत आहे, एवढं कळलं की तिचा आठवडा निघे.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तो आवाज आलाच नाही. पडसं झालं असेल, ती मनाशी म्हणाली. पुढच्या शुक्रवारीही नाही. मग मात्र प्रार्थना संपायच्या आधीच ती उठली आणि कपाटाशेजारची घंटा ओढली.

"सिस्टर, कोलोंबा माझी बहीण. आहे ना हो ती?"

आतून कोणीतरी म्हणालं, "भेटीच्या खोलीत बसा, बाई."

त्या खोलीतही जाळी होती; तिच्यापलीकडचा पडदा सरला. समोर कोलोंबा. म्हातारी झालेली, पण हनुवटी आईचीच.

"फिना," ती म्हणाली. आवाज घोगरा, जेमतेम फुटणारा. "किती वाट बघायला लावलीस गं."

"तुझ्या गळ्याला काय झालं? परवापरवापर्यंत तर गात होतीस."

"मी? इथं आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात घसा गेला माझा. तेव्हापासून ऑर्गनचा भाता मारते. दंड बघ, लोहारासारखे झालेत."

देल्फिना जाळीशी सरकली. "मग गात कोण होतं?"

"सिस्टर आंचिला. गेली बिचारी, याच महिन्यात. तान्ही असताना कोणीतरी तिला मठाच्या पायरीवर सोडून गेलं होतं. तिला भेटायला जन्मात कोणी आलं नाही." कोलोंबानं डोळे पुसले. "पण शुक्रवारी शेवटचा बाक कुरकुरला की तिला कळायचं. म्हणायची, माझं माणूस आलं. त्या दिवशी जास्तच जीव ओतून गायची. आम्ही चिडवायचो तिला."

ज्या आवाजावर देल्फिना इतकी वर्षं जगली तो बहिणीचा नव्हताच. आणि जिचा होता, ती तिच्याच वाटेकडे कान लावून होती.

"भाजी तू ठेवतेस, ते मी ओळखलं होतं," कोलोंबा म्हणाली. "जुडीला तशी गाठ आईच मारायची."

"मग निरोप का नाही धाडलास?"

"कोणी नाहीस म्हणालीस ना? मग पहिलं बोलणं तुझंच हवं होतं मला."

देल्फिनानं जाळीतून बोटं आत घातली. कोलोंबानं ती धरली.

बहिणीला बहीण भेटली, त्यांची चिंता नको. पण आज निजताना देवापाशी हात जोडाल तेव्हा त्या आंचिलाचं नाव एकदा घ्या. तिचं नाव घ्यायला मागं कोणी नाही.